मोड

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल.
खिडकीतून सयाजीबागेतली झाडं,
रविवारी छोट्या आगगाडीची शिट्टी.
टेबलावर एक रोमन बाई उताणी पडलीय,
प्लास्टरची, नाक फुटलेली.
मी नाक बसवणारा माणूस.
पगारपत्रकावर लिहितात : साचेकार, वर्ग तीन.

जिगीषा फाइन आर्ट्समधून येते, वहीत भेगा उतरवते.
म्हणाली, काका, मूळ मूर्तीचं नाक
पडून फुटलेलं नाही. फोडलंय.
तुमच्याच लोकांनी.
मी म्हटलं, कुठल्या?
आमच्या चर्चच्या की स्टेशनकडच्या?
हसली. म्हणाली, पहिल्या पहिल्या.
त्यांना वाटायचं, आत भूत बसलंय.
छिन्नीनं नाक उडवायचे
आणि कपाळावर क्रूस कोरायचे,
बाप्तिस्मा दिल्यासारखा,
दगडाला न विचारता.

शेवउसळ खाताखाता ती आणखीही सांगते.
मूर्ती घडवणारा कुणी दाराशी आला
तर म्हणायचे, आधी धंदा सोड.
नाही सोडलास तर पाणी नाही.
मी माझे हात पाहिले. नखांत पांढरं.
भाद्रपदाआधी दोन महिने
दांडिया बाजारातल्या मंडळाचे साचे मीच ओततो.
सोंड सगळ्यात अवघड, तिथे हवा अडकते.
पास्टर शिरसाटांना ठाऊक आहे.
दर वर्षी त्या सुमाराला ते दुसऱ्या आज्ञेवर बोलतात
आणि माझ्या बाकाकडे बघत नाहीत.
ती मेहेरबानी मी विसरत नाही.

पण मग, जिगीषा म्हणते,
नातवंडं-पतवंडं त्याच देवळांचे खांब उचलून
आपल्या छपराखाली उभे करू लागली.
एक लांब, एक आखूड,
आखडलेल्याखाली कुणाची तरी उपडी वेदी.
कचेरीचा दिवाणखाना होता, त्यात प्रार्थना आली.
खांद्यावर मेंढा घेतलेला कुणी जुना पोरगा,
त्यालाच म्हणाली, हा आमचा मेंढपाळ.
मला आपलं न्यायमंदिर आठवलं :
बांधलं मंडईसाठी, भरली कचेरी, नाव मंदिर,
आणि कबुतरांना यातलं काहीच ठाऊक नाही.

आमचे पणजोबा लहानू,
नगरकडचे, गायकवाडी पागेत नालबंद.
पाणी घेतलं आणि लाजरस झाले.
ल तेवढा ठेवला.
मिशनवाल्या साहेबानं सांगितलं, देव विहिरीत टाक.
त्यांनी पितळ टाकलं.
चांदी कोण टाकतं?
खंडोबा, जानाई, बहिरोबा रुमालात बांधून
घडियाळी पोळातल्या सोनाराकडे गेले
आणि मोड घातली.
कमी पडली म्हणून पणजीची जोडवी.
तिला विचारलं होतं का, कुणी सांगत नाही.
प्रभुभोजनाचा पेला घडला.
लहानसा. चार घोटांचा.

सोनार कंटाळला, की घाबरला,
की पणजोबाच हळूच काही बोलले,
पेल्याच्या बुडाला त्यानं एक तुकडा न वितळवताच डागला :
घोड्याचा पुढचा पाय. खूर स्पष्ट.
आता नालबंद माणूस,
जन्मभर खूर मांडीवर घेऊन बसलेला,
त्याच्या नजरेतून सुटेल?
त्यानं पेला घेतला, मजुरी मोजली, घरी आला.

आज नाक बसलं. किंचित उजवीकडे झुकलंय,
ओलं आहे तोवर रंग वेगळा दिसणार.
जिगीषा म्हणाली, फुटकंच ठेवायला हवं होतं,
फोडणंही इतिहासच ना?
मी म्हटलं, बाई, मग मला पगार कशाचा?
पण रात्रभर ते वाक्य
सोंडेतल्या हवेसारखं अडकून राहिलं.

महिन्याचा पहिला रविवार.
पास्टर पेला उचलतात, दोन्ही हातांनी,
उंच, डोळे मिटून.
मागून फक्त चांदी चमकते.
पुढच्या बाकावरून बूड दिसतं.

मी लवकर जातो,
पुढचा बाक मिळावा म्हणून.